डावखुरा आचारी

"आचारी डावखुरा होता, घुम्या," ताई फोनवर म्हणाली. "त्याने विष घातलंच नाही."

मी त्या वेळी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसलो होतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताला दोरांचं ग्रीस, आणि फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला. टपावर असताना फोन घ्यायचा नाही असा आमच्या खात्याचा नियम आहे, आणि तो नियम नव्या निरीक्षकांना मीच शिकवतो. पण ताईचा फोन मी कुठेही घेतो. "कुठला आचारी?" मी म्हणालो. कुठला ते मला पक्कं कळलं होतं. "आपल्या कादंबरीतला रे. धाकट्या भावाने घातलं विष. काल सगळं ऐकलं मी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उद्या वेळेवर ये." आणि तिने फोन ठेवला. ना राग, ना टोमणा. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. बोलणं झालं की लाइन तोडायची, ही सवय हाडीमासी खिळलेली. खाली ऑपरेटर ओरडला, "साहेब, घेऊ का वर?" मी म्हणालो, थांब. 

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. साखरेने आधी तिचे डोळे नेले आणि मग किडन्या. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते, अक्षर कळत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती डायलिसिसला जाते. डाव्या हातात दोन सुया, शेजारी ते कपाटाएवढं मशीन, आणि चार तास. ते चार तास मी तिला कादंबऱ्या वाचून दाखवतो. त्याबदल्यात शनिवार-रविवार ऑफिसला राबतो. वर्षभरात एकही खाडा नव्हता. या सोमवारी मात्र एक लिफ्ट माणसांसकट मधेच अडकली आणि मला तिकडे धावावं लागलं. ताई एकटी पडली. तर तिथली टेक्निशियन, गोड मुलगी, तिने काय करावं? आपल्या मोबाइलवर बोलकं पुस्तक शोधलं, आणि नेमकं तेच शोधलं जे मी गेल्या आठवड्यात वाचून संपवलं होतं, कारण ताई म्हणाली असणार, तेच लाव, मजा आली होती. भल्या माणसांनीच माझा आजवर घात केलाय. वाईट माणसं बिचारी आपल्या कामात असतात.

मी शेवट बदलतो. आता सांगून टाकतो. सुरुवात प्रेमकथेपासून झाली. ती कादंबरी चांगली होती असं मी म्हणणार नाही. त्यातली माणसं दर दहा पानांनी खिडकीपाशी जाऊन उभी राहत, आणि नायिका पहिल्या प्रकरणापासून खोकत होती. कादंबरीत बाई खोकली की समजावं, हिचं काही खरं नाही. साधा सर्दीचा खोकला कादंबरीत कुणाला होतच नाही. शेवटच्या पानावर ती स्टेशनच्या बाकावर त्याची वाट बघत मरते, आणि गाडी अर्धा तास उशिरा येते. मी त्या पानापाशी आलो तेव्हा ताईचा चौथा तास चालू होता. रक्तदाब उतरला होता, पायात गोळे येत होते, चादर हनुवटीपर्यंत ओढून ती पडली होती. मी पान उलटलं आणि गाडी वेळेवर आणली. तो उतरला, त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी होती, दोघं बाकावर बसून संत्री सोलत राहिले. समाप्त. "बरं झालं बाई," ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण एवढ्या खोकल्याचं काय झालं?" मी म्हणालो, गेला. "असा कसा गेला?" "हवा बदलली." ती हसली, आणि मशीनचा अलार्म वाजला, कारण हसताना हात हलला होता. त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होतो. एका बाईला जिवंत ठेवलं होतं मी, नुसत्या जिभेने.

अंतराळातली कादंबरी मात्र मी जशीच्या तशी वाचली. तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. वीस माणसं दोनशे वर्षं झोपून कुठल्याशा ताऱ्याकडे निघालेली. लेखकाने यानाच्या प्रत्येक स्क्रूचं वर्णन केलं होतं, माणसांचं करायला त्याला सवड झाली नसावी. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही झोपलो. जाग आली तेव्हा ताई म्हणाली, "पोचले का रे?" मी म्हणालो, अजून नाही. "मग आपणच उतरू," ती म्हणाली, आणि आम्ही भुताची घेतली. भुताची कादंबरी वाचताना मला खरंच घाम फुटला, भर दुपारी, एवढ्या माणसांत. एक माणूस जुन्या घरात भाड्याने राहतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं, आणि शेवटी कळतं की वर कुणी नाही, तोच मेलेला आहे आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. तिथे मी काहीही बदललं नाही. ताईला ती विनोदी वाटली. "मेला तरी भाडं वेळेवर भरतोय. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं," म्हणाली. मला मात्र ते वाक्य चिकटून बसलं: त्याला ते कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत, आणि ज्याचं आहे त्यालाच माहीत नाही. आठ दिवस मी बेसिनवर हात धुताना त्याचाच विचार करत होतो.

"साहेब, घेऊ का?" खालून पुन्हा आवाज आला. घे, म्हटलं. लिफ्ट वर सरकली. सहा दोर डोळ्यांसमोरून गेले, मी एकेकाला सवयीने हात लावला. लोकांना माहीत नसतं, पण लिफ्ट एका दोरावरही तरते. सहा असतात. सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी मला विचारतात, "साहेब, एकाने भागतं तर बाकीचे बदलायचा खर्च कशाला?" मी त्यांना सुनावतो, जास्तीचा दोर म्हणजे फुकटचा दोर नव्हे. हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत इतक्यांदा म्हणालोय, आणि इतक्या जोरात, की ऑफिसात माझी नक्कल करतात. तपासणी संपवून खाली उतरलो तर हाताचं ग्रीस शर्टाला लागलं होतं, डाव्या कुशीला. हल्ली माझा हात तिथेच असतो. बायको म्हणते, "अहो, पोट दुखतंय का? सारखं कूस धरून काय बसता?" मी म्हणतो, गॅस.

ऐतिहासिक कादंबरीचं सांगायचं राहिलं. ऐतिहासिक कादंबऱ्या मला आवडत नाहीत. त्यांत कुणी साधं बोलत नाही. पाणी मागायचं तरी छाती पुढे काढून मागतात. पण ही वेगळी निघाली. वेढा पडलेलं शहर, आणि नायक म्हणजे धान्यकोठाराचा राखणदार. लढाई लांब कुठेतरी, आवाजापुरती. या माणसाकडे दोन कोठारं होती, एक सगळ्यांना माहीत असलेलं आणि एक फक्त त्याला. पहिलं रिकामं होतं. लोक मरायला लागतात. त्यात त्याची धाकटी मावशी, त्याचा शेजारी, शेजाऱ्याची म्हातारी. आणि तो दुसऱ्या कोठाराचं कुलूप काढत नाही. दुष्ट म्हणावा तर तसंही नाही. रोज सकाळी ठरवतो, आज काढू, आणि रोज त्याला वाटतं, पण उद्या मला लागलं तर? वेढा उठतो तेव्हा तो एकटा जिवंत, आणि त्याला जेवण जात नाही. ते प्रकरण वाचायला लागलो आणि पुढचं पान मी उलटलंच नाही. मी सरळ कुलूप काढलं. दारं सताड उघडली, बायका सुपं घेऊन आल्या, पोरं धान्यात लोळली. इतकं छान रंगवलं की पलीकडच्या खाटेवरचे आजोबाही कान देऊन ऐकत होते. ते सगळं मी ताईसाठी नाही केलं. प्रेमकथेतली गाडी ताईसाठी वेळेवर आणली होती. कोठार मी माझ्यासाठी उघडलं.

आणि मग ही खुनाची. मोठं घर, मोठी बहीण, धाकटा भाऊ, घरात आचारी, माळी, डॉक्टर. बहिणीला रोज थोडं थोडं विष दिलं जातंय. मला पन्नासाव्या पानावर कळलं कोण ते; पन्नासाव्या पानावर ज्याचं प्रेम उतू जातं तोच असतो. शेवटची तीस पानं उरली तेव्हा मी कासावीस झालो. भावाचं नाव घेणं माझ्या जिभेला झेपेना. ऐनवेळी आचारी सापडला. तो डावखुरा आहे आणि चमच्याच्या डागावरून खुनी उजव्या हाताचा ठरतो, हे मी स्वतःच आठवड्यापूर्वी वाचून दाखवलेलं, पण माणूस अडला की तर्काच्या पाया पडत नाही. मी बिचाऱ्याला बेड्या घातल्या. "अरे, तो डावखुरा ना?" ताई लगेच म्हणाली. मी म्हणालो, मुद्दाम उजव्या हाताने केलं, संशय येऊ नये म्हणून. "हो का," ती म्हणाली. "हुशार दिसतोय." तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ताईचा 'हो का' साधा नसतो.

ऑफिसात आलो. समोर तपासणीचे फॉर्म, दोर ठीक, ब्रेक ठीक, दारं ठीक. तीस वर्षांत मी एकाही फॉर्मवर खोटं 'ठीक' लिहिलेलं नाही; लोकांनी पेढे आणले, धमक्या आणल्या, नाही लिहिलं. मी भित्रा आहे म्हणून नाही लिहिलं, हे त्यांना कळलं नाही, त्यांना वाटलं प्रामाणिक. पेन हातात धरून मी बसलो आणि ताईने न विचारलेला प्रश्न ऐकत राहिलो. ती एवढंच म्हणाली होती की आचाऱ्याने विष घातलं नाही. पण दिवसभर माझ्या कानात पुढचं वाक्य तिच्याच आवाजात वाजत होतं: मग आणखी काय काय बदलून वाचलंस, घुम्या?

कारण मी एक पत्र वाचलं होतं. चार महिन्यांपूर्वी माझी तपासणी झाली, ताईला किडनी देता येईल का म्हणून. मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, माझी घ्या. म्हणताना खरंच वाटत होतं. मग रक्त काढलं, फोटो काढले, झोपवलं, उठवलं, आणि प्रत्येक खोलीतून बाहेर येताना मी जिना कुठे आहे ते बघून ठेवत होतो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंनी बंद पाकीट माझ्याच हातात दिलं. शांत बाई. म्हणाल्या, "हे फक्त तुमच्यासाठी आहे. घाई नाही. नको वाटलं तर नको म्हणा, आम्ही घरच्यांना कारण सांगत नाही." मी जिन्यातच पाकीट फोडलं. दाता म्हणून योग्य. वर गेलो. ताई मशीनला लावलेली, मान उंच करून माझ्या पावलांचा अंदाज घेत होती. "आणलंस? वाच," म्हणाली. आणि मी कागद उघडून तिला वाचून दाखवलं: सर्व तपासण्यांअंती असे दिसून येते की दात्याचे मूत्रपिंड रुग्णाशी जुळत नाही, सबब प्रत्यारोपण शक्य नाही. 'सबब'सुद्धा घातलं. तिने उजव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाली, "जाऊ दे रे. तू कशाला तोंड पाडतोस? दे तो कागद इकडे." आणि द्यायला नाही कसं म्हणायचं? तिने तो चार घड्या करून आपल्या पर्समध्ये ठेवला, कंगव्याशेजारी. आंधळ्या माणसाच्या हातात कागद सुरक्षित, असं मी स्वतःला समजावलं. चार महिने तो तिथे आहे. त्या पर्समधून रोज कुणी ना कुणी काहीतरी काढून देतं, औषधं, रुमाल, रिक्षाचे पैसे. माझी बायको, टेक्निशियन, कामाची बाई. काखेत कळसा म्हणतात तसं. फक्त गावाला वळसा मी घालत होतो.

कारण विचाराल तर कारण नाही. बायको नको म्हणाली असती असं नाही. तिला मी विचारलंच नाही, तिलाही जुळत नाही असंच सांगितलं. मला भीती वाटली. भूल दिल्यावर मी परत येणार नाही ही भीती, आलो तर अर्धा येईन ही भीती, आणि उद्या मला लागलं तर. बस. त्या कोठारवाल्याला निदान लेखक तरी मिळाला, त्याची बाजू मांडायला दोनशे पानं मिळाली. ही ताई, जिने मला वाचायला शिकवलं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि ती सतरा. एक्स्चेंजची ड्यूटी करून यायची, पाटावर बसायची, माझं बोट आपल्या हातात धरून ओळीखालून सरकवायची. मी जोडाक्षराशी अडखळलो की बोट तिथेच दाबून धरायची, पुढे जाऊ द्यायची नाही. अजूनही मी अडखळतो. साधं वर्तमानपत्र वाचतानाही लांब शब्द आला की पाय घसरतो.

बुधवारी मी वेळेवर गेलो. तिचं वजन झालं होतं, सुया लावून झाल्या होत्या. खुर्ची नेहमीच्या जागी ठेवलेली. टेक्निशियन हसून म्हणाली, "काका, सोमवारी आजींनी तुमच्याशिवाय निभावलं बरं का." मी हसलो असणार. पिशवीत नवीन कादंबरी होती, हलकीफुलकी, एका घरातल्या लग्नाच्या गोंधळाची. दुकानात उभ्या उभ्या मी तिचं शेवटचं पान आधी पाहून घेतलं होतं, कुणी मरत नव्हतं.

"ते राहू दे," पिशवीचा आवाज ऐकून ताई म्हणाली. "खुनाचीच काढ. शेवटचं प्रकरण. जसं आहे तसं."

"तू ऐकलंस ना ते?"

"फोनमधल्या बाईने वाचलं. तू कुठे वाचलंस?"

मी वाचलं. भाऊ कबुली देतो ती चार पानं. 'विश्वासघात' शब्दाशी अडखळलो, 'प्रायश्चित्त' दोनदा म्हणावं लागलं. संपल्यावर मी पुस्तक मिटलं. मशीनचं चाक फिरत होतं, नळीतून तिचं रक्त जात होतं आणि येत होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "खरं वाचतोस तेव्हा तू अडखळतोस. पहिल्यापासून. मनचं वाचतोस तेव्हा रेडिओसारखा वाचतोस. संत्री काय, सुपं काय, वा! एका ठिकाणी म्हणून अडखळला नाहीस."

"तुला तेव्हापासून..."

"चाळीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिलेत मी. मला गंमत वाटायची. म्हटलं, माझ्यासाठी पोरगं एवढं रचतंय, रचू दे." तिने उजवा हात उशीखाली घातला आणि पर्स ओढली. कंगवा काढला, बाजूला ठेवला. मग चार घड्यांचा तो कागद. "हेही तू त्या दिवशी रेडिओसारखं वाचलंस."

माझे कान तापले. आजूबाजूला सगळं चालू होतं, कुणाचा तरी अलार्म, कुणाची तरी चहाची ऑर्डर. मी म्हणालो, "कुणाकडून वाचून घेतलंस?"

"कुणाकडूनही नाही. वाचून घ्यायला काय, ही पोरगी मिनिटात वाचेल. पण म्हटलं, तू आपणहून म्हणशील, ताई, ते पान चुकलं. चार महिने वाट बघितली. मग काल वाटलं, तुला काही ते जमायचं नाही. म्हणून फोन केला." तिचा आवाज आता चढला. "नाही म्हणाला असतास तर मी रागावले असते रे! आठ दिवस बोलले नसते, महिनाभर बोलले नसते. तेवढा तरी हक्क ठेवायचास माझा. तू मलाच त्या खोकणाऱ्या बाईसारखं बाकावर बसवून संत्री सोलायला लावलीस."

मी कागद उलगडला. घड्यांवर तो फाटायला आला होता. तिने हात पुढे केला. "बोट ठेव माझं. कुठे लिहिलंय?"

मी तिचं बोट धरलं आणि ओळीखाली ठेवलं. थंडगार होतं. डायलिसिसला सगळी बोटं थंड होतात. "सर्व तपासण्यांअंती," मी वाचायला लागलो, "प्र... प्रत्यारोपणासाठी दाता... योग्य आहे." बोट सरकवलं. "अहवाल सहा महिने ग्राह्य."

"झाले किती?"

"चार."

"आणि खाली?" तिने आपणच बोट खाली नेलं. कागद तिथे गुळगुळीत होता.

"खाली काही नाही. सहीची जागा आहे."

"कुणाची?"

"माझी."

"मग तिथून माझं बोट उचल," ताई म्हणाली. "ती जागा माझी नाही."

मी तिचं बोट उचललं आणि हातात धरून बसलो. खिशात पेन होतं. खिशात पेन नाही असा माझा दिवस नसतो. ते मला छातीला टोचत होतं. काहीतरी छान सुचेल म्हणून मी वाट पाहिली, एवढ्या कादंबऱ्या तोंडात होत्या, कोठाराची दारं, वेळेवर आलेली गाडी. एकही वाक्य आलं नाही. "ताई," मी म्हणालो, आणि अडखळलो, परत सुरू केलं, "ताई, मला... मला भी... भीती वाटते गं."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. नजर नेहमीसारखी थोडी चुकून माझ्या कानापाशी आली.

"हं," ती म्हणाली, "हे बरोबर वाचलंस. पुढे?"